साळुबाई पहिली आली तेव्हा

निरगुडसर,
गुरुवार, दिवेलागण

प्रिय गोकुळ,

तुला पत्र लिहायची वेळ माझ्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं. कळंब आणि निरगुडसरमध्ये अंतर ते केवढं, आणि रोज सकाळी आपण दोघं एकाच कंपनीच्या गेटातून आत जातो. पण पंधरवडा झाला, तू मला ‘प्राची मॅडम’ म्हणतोस आणि मी तुला ‘सर’. भाऊबीजेला ओवाळलं तेसुद्धा आईच्या धाकानं, आणि तू पाटावरून उठलास तो थेट मोबाइलमध्ये तोंड घालून बसलास. मेसेज पाठवावा तर तू नुसता अंगठा पाठवतोस. फोन केला तर मीटिंगमध्ये असतोस. म्हणून हे लिहितेय, आणि उद्या आईकडून तुझ्या डब्याच्या पिशवीत टाकून घेणार आहे. डबा उघडायच्या आधी वाच. जेवल्यावर तुला पेंग येते हे मला लहानपणापासून माहीत आहे, आणि हे वाचताना तू जागा असायला हवास.

आधीच सांगते, मी चिडलेली आहे. थोडीथोडकी नाही, चांगलीच चिडलेली आहे. तरी जे लिहिणार आहे ते मी सरांना लिहीत नाही, माझ्या भावाला लिहितेय. यात अकरा बायकांची नावं निघतील असं काही आहे. ते वाचून तुझ्यातला साहेब जागा झाला आणि त्यानं कुणावर नोटीस काढली, तर मी कळंबचा उंबरा पुन्हा चढणार नाही. ही धमकी समज. मोठ्या बहिणीला तेवढा हक्क असतो.

तुला इथे आणायला मीच मोठ्या साहेबांच्या मागे लागले होते, आठवतं ना? आई अजून अख्ख्या आळीला सांगते की आमची प्राची मोटारसायकलच्या वायरींची वेणी घालते. तर गेल्या उन्हाळ्यात त्या वेणीचं नवं मॉडेल आलं आणि टेस्टिंगच्या टेबलावर माल नापास व्हायला लागला. एका बाईनं आपल्या फळीवर पहिल्या तारेपासून शेवटच्या टेपपर्यंत पुरी वेणी, म्हणजे हार्नेस, बांधायचा, आणि तो दिवा न लागता परत यायचा. का नापास होतोय, कुठल्या जोडणीत चूक होतेय, हे कुणालाच कळेना. मी साहेबांना म्हटलं, माझा भाऊ हेच शिकलाय, कामाची मोजमापं लावून चूक कुठे होते ते शोधतो, त्याला घ्या. साहेबांनी घेतलं. त्या दिवशी मी कंपनीच्या गाडीतल्या सगळ्या बायकांना पेढे वाटले होते. ठकूबाईनं दोन घेतले आणि म्हणाली, “आता तुझा भाऊ आमास्नी मोजणार व्हय?” मी हसले होते. आता ते आठवलं की माझाच मला राग येतो.

तुला मोजायचं वेड पहिल्यापासूनच. यात्रेत बैलगाडा शर्यतीला सगळी पोरं घाटात भंडारा उधळत, टोप्या उडवत नाचायची, आणि तू दादांचं घड्याळ घेऊन बांधावर बसायचास. गाडा सुटला की तू श्वास रोखायचास, आणि वर पोचला की निवेदकाच्या आधी सेकंद ओरडून सांगायचास. एकदा तू दादांना विचारलं होतंस की चारांतला कुठला बैल जास्त पळाला, ते कसं कळायचं. दादा म्हणाले होते, घाटात गाडा मोजतात बाळा, बैल मोजत नाहीत. चार बैल कधी चार गोठ्यांतले असायचे, पुढे घोडी असायची, आणि सेकंद मात्र सगळ्यांचे मिळून एकच. तुला ते पटलं नव्हतं. तू रुसून बसलास, आणि मी तुला उसाचा रस पाजून गप्प केलं. आता तू मोठा झालास, रसानं गप्प होत नाहीस.

तू काहीच चांगलं केलं नाहीस असं मी म्हणणार नाही. स्टुलांची उंची वाढवून घेतलीस, फळ्यांवर दिवे लावून घेतलेस, त्यामुळे बायकांच्या माना दुखायच्या थांबल्या. सगळ्यांनी तुला दुवा दिला. मग तू भिंतीवर तो टीव्ही लावलास. प्रत्येकीला तिच्या नंबरच्या स्टिकरचा रोल दिलास. हार्नेस बांधून झाला की आपला स्टिकर लावायचा, टेस्टिंगला तो स्कॅन होणार, आणि टीव्हीवर नाव वर सरकणार. वरची नावं हिरवी, खालची लाल. पहिल्या दिवशी बायकांना गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कोंडाबाई डबा न उघडता टीव्हीकडे बघत बसली होती, कारण तिचं नाव लाल झालं होतं. मी तुला तेव्हाच विचारलं होतं, की माल नापास का होतो हे यावरून कसं कळणार? तू म्हणालास, आधी वेग कळू दे, मग बाकीचं बघू. ते बाकीचं अजून बघायचं राहिलंच आहे.

आता मूळ गोष्टीकडे येते. आपल्या लाइनवर सावड चालते, हे तुला ठाऊक नव्हतं. कसं असेल? तू शिकायला बाहेर गेलास तेव्हा आपल्या शेतातली कांदालागण सावडीनंच व्हायची, पण तू सुट्टीला यायचास तोवर लागण उरकलेली असायची. आज मी तुझ्या वावरात, उद्या तू माझ्या. कंपनीत येताना बायकांनी चपला गेटापाशी काढल्या, सावड नाही काढली. कुणाचं पोर आजारी असेल, कुणी पहाटेपर्यंत बिबट्याच्या भीतीनं जीव मुठीत धरून उसाला पाणी देऊन आलेली असेल, तर तिच्या वाटचे दोन हार्नेस शेजारची बांधायची. पुढच्या आठवड्यात ते फिटायचे. तेव्हा लाइनचा सगळ्यांचा मिळून एकच आकडा असायचा, म्हणून कुणाला कळायचं नाही आणि कळायची गरजही नव्हती. एक मात्र होतं, सावड बोलून व्हायची. “आज माझ्यानं व्हत न्हाई, बघ जरा,” असं म्हटलं की झालं. तू टीव्ही लावलास आणि त्याच आठवड्यात कामाच्या वेळी बोलणं बंद केलंस. बोलण्यात तासाला किती वेळ जातो त्याचा तू तक्ता काढला होतास. मोठ्या साहेबांना तो फार आवडला.

साळुबाईला तू आल्यापासूनच पाहतोयस, पण त्याआधीची साळुबाई तू पाहिली नाहीस. आणे गावची लेक, निरगुडसरची सून, आमच्या गल्लीच्या टोकाला घर. या लाइनवर पहिली फळी तिची होती. मला हार्नेस बांधायला तिनं शिकवलं. मागच्या वर्षी तिला चिकुनगुनिया झाला आणि बोटांचे सांधे धरले ते धरलेच. बांधते ती अजूनही सुबक, पण हळू. तुझ्या रोलवरचा स्टिकर तर तिला नखानं सुटतच नाही. म्हणून सकाळीच ठकूबाई तिचे स्टिकर सोडवून सगळ्यांचा माल जमतो त्या ट्रॉलीच्या कडेला ओळीनं चिकटवून ठेवायची, म्हणजे माल ठेवता ठेवता साळुबाईनं एक उचलायचा. त्यात कुणाचा काही डाव नव्हता. बोटं चालत नव्हती म्हणून केलेली ती सोय होती.

मग दसऱ्याच्या सुमाराला तू सगळ्यांना उभं करून सांगितलंस की दिवाळीनंतर कंत्राट नवं होईल, तेव्हा टीव्हीवर सगळ्यांत खाली असतील त्या दोघींना थांबवावं लागेल. तू आवाज न चढवता, चांगल्या शब्दांत सांगितलंस. पण खाली कोण आहे हे बघायला कुणाला टीव्हीकडे मान वळवावी लागली नाही. साळुबाईनं पदर सारखा केला आणि खाली बघत राहिली. घरात तिची किंमत किती आहे ते गल्लीला माहीत आहे. मुलगा वाईट नाही, पण सुनेचं बोलणं असं की काम सुटलं तर ही बाई दोन वेळचं जेवण मान खाली घालून जेवणार. त्या दिवसापासून एकेका बाईनं माल ठेवताना ट्रॉलीवरचा साळुबाईचा स्टिकर उचलून आपल्या हार्नेसला लावायला सुरुवात केली. दिवसाला फक्त एक. आणि कामावर बोलायला बंदी, जेवताना आणि गाडीत साळुबाई सोबत, त्यामुळे कुणी कुणाला सांगितलं नाही. प्रत्येकीला वाटलं की हे आपण एकटीच करतोय, आपला आकडा जरासा घसरेल, साळुबाई तेवढी लालमधून वर निघेल, बास. बोलायची मुभा असती तर जेवणाच्या आधीच वाटणी ठरली असती आणि साळुबाई गुपचूप मधोमध राहिली असती. तू सगळ्यांची तोंडं बंद केलीस आणि अकरा जणींनी न ठरवता एकीला उचललं. पाच-सहा दिवसांत साळुबाई पहिली.

इथे मला तुला एक विचारायचंय, आणि ते विचारताना माझे दात एकमेकांवर घासतायत. लाइनचा एकूण माल तेवढाच. एकीचा आकडा झपाट्यानं चढला आणि बाकी अकरा जणींचा उतरला. एवढं शिकलेला तू, तुला त्यात काहीच खटकलं नाही? फळीपाशी येऊन पाच मिनिटं उभा राहिला असतास तरी दिसलं असतं. पण तू केबिनमधून टीव्ही बघत होतास, आणि टीव्हीवर तुला एक छान गोष्ट सापडली होती. म्हातारी बाई, दुखणारे हात, आणि तरी सगळ्यांच्या पुढे. ती गोष्ट तू मोठ्या साहेबांना सांगितलीस, साहेबांनी भोसरीच्या मुख्य ऑफिसात सांगितली, आणि तुझ्या तिकडच्या बदलीचं बोलणं सुरू झालं. आईनं लगेच मारुतीला नारळ ठेवला.

या सगळ्यात सगळ्यांत वाईट काय झालं ते ऐक. साळुबाईला ते खरं वाटलं. तिला टीव्हीवरचं वाचता येत नाही, दुसरी कुणी सांगेल तेव्हा कळतं. आणि तिचा रोल भराभर संपत होता, ती दुसरा मागायला यायची तेव्हा मी सुपरवायझर असून मलाही काही कळलं नाही. तिनं त्याच सुमाराला जुन्नरच्या बाजारातून सांध्याचं कसलंसं तेल आणलं होतं. तिचा समज झाला की तेलानं गुण दिला. गाडीत बसली की बोटं उघडझाप करून दाखवायची, “बघ, कशी मोकळी झाली, लई गुणाचं तेल हाय.” कोंडाबाईच्या गुडघ्यासाठी बाटली आणून दिली. तू तिला नारळ आणि शाल दिलीस त्या दिवशी संध्याकाळी ती गाडीतून उतरून घरी जाताना गल्लीच्या मधून चालत गेली. एरवी ती कडेनं चालते. सूनबाईनं त्या आठवड्यात तिला आधी वाढलं असं तिनंच मला सांगितलं. हे सगळं बघून कुणाची छाती होणार होती तिला खरं सांगायची?

मला ते कळलं अमिरुन्निसा भाभींमुळे. टेस्टिंगच्या टेबलावर माल त्यांच्याच हातातून जातो. शाल दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं आणि साळुबाईच्या नंबरचा एक हार्नेस दाखवला. टेप उलट्या अंगानं गुंडाळलेली. लाइनवर डावखुरी एकच, ठकूबाई. त्या दिवशी परतीच्या गाडीत मी ठकूबाईला विचारलं, तर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “दिसाला एकच दिला गं, जास्ती न्हाई.” मागच्या बाकावरून कोंडाबाई म्हणाली, “मी बी एकच.” मग पुढून एक, बाजूनं एक. गाडी मंचरच्या चौकात अडकली होती आणि अकराच्या अकरा जणी एकमेकींकडे बघत होत्या. साळुबाई पुढच्या बाकावर डोळा लागून बसली होती, हातात ती तेलाची पिशवी. पुढचं मला तिथेच दिसलं, कारण मला तुझा स्वभाव माहीत होता. तू त्या आकड्याला आता तिथेच सोडणार नव्हतास.

आणि झालंही तसंच. दोन दिवसांनी तू सगळ्यांना उभं करून सांगितलंस की येत्या एक तारखेपासून साळुबाईचा आकडा हेच सगळ्यांचं टार्गेट. “साळुबाईंना या वयात जमतं, तर तुम्हाला का जमत नाही?” असं तू विचारलंस. गोकुळ, तो आकडा आजवर कुणीही बांधलेला नाही. साळुबाईनं नाही, ठकूबाईनं नाही, कुणीच नाही. बारा बायकांच्या हातांतून थोडं थोडं निघून तो बनलाय आणि तू तो प्रत्येकीच्या दोनच हातांना लावलास. वर माझ्याकडे वळून सगळ्यांसमोर म्हणालास, प्राची मॅडम, तुमच्या लाइनचं लक्ष गप्पांत आहे. माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. ज्या गप्पा तू बंद केल्या होत्यास त्यांच्याच नावानं तू मला बोललास.

तरी मी त्याच दिवशी तुझ्या केबिनमध्ये आले. स्टिकरचं सांगितलं असतं तर तू त्याला फसवणूक म्हणाला असतास आणि अकरा जणी बाहेर गेल्या असत्या, म्हणून मी इतकंच म्हटलं की तो आकडा खरा नाही, एकदा लाइनवर येऊन बघ. तू काय म्हणालास? “ताई, त्यांना मागे पडल्याचं वाईट वाटतंय, मी समजू शकतो. पण डेटा खोटं बोलत नाही.” आणि माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवलास, जशी मीच कुणी तक्रार घेऊन आलेली बाई. तो ग्लास मी तिथेच ठेवला आणि बाहेर आले. तेव्हापासून आपलं बोलणं बंद आहे. तू समजतोस मी अपमानानं गप्प आहे. तसं नाही रे. मी गप्प आहे कारण तोंड उघडलं तर खरं निघेल, आणि ते कुणाच्या डोक्यावर पडेल याची मला खात्री नव्हती.

दरम्यान ज्याच्यासाठी तुला आणलं होतं ते काय झालं, हे एकदा अमिरुन्निसा भाभींच्या टेबलाखाली वाकून बघ. नापास मालाची क्रेट पूर्वी आठवड्याला भरायची, आता दोन दिवसांत भरते. नवं टार्गेट यायच्या आधीच बायका घाईला लागल्यात. भाभी म्हणतात, बहुतेक माल एकाच जोडणीत मरतो, तारेच्या टोकाला जी धातूची टोपी असते तीत तार पुरी बसतच नाही. मला वाटतं ती टोप्या दाबायची मशीनच झिजली आहे. पण मशीनला टीव्हीवर नाव नाही, तिला कुणी लाल करत नाही. मोजमाप मला नको होतं असं नाही, मीच तर मागितलं होतं. रोज किती माल नापास झाला आणि कशानं झाला, एवढं जरी त्या टीव्हीवर लावलं असतंस तरी आत्तापर्यंत ती मशीन दुरुस्त होऊन आली असती. लाइनचा सगळ्यांचा मिळून एक आकडा ठेवला असतास तर बायकांनी तो आपला म्हणून वाढवला असता. मी मागितलं होतं चूक कुठे आहे ते, आणि तू शोधून दिलंस हळू कोण आहे ते. हळू कोण आहे हे आम्हाला आधीपासून माहीत होतं, आणि त्याचा इलाजही आमच्याकडे होता.

आता शनिवारचं. मोटारसायकल कंपनीची माणसं साळुबाईला काम करताना बघायला येणार, घड्याळ लावणार, तिच्या हातांचं शूटिंग करणार, हे तू मंगळवारी नोटीस बोर्डावर लावलंस. मंगळवारपासून लाइनवरचे डबे अर्धे भरलेलेच घरी परत जातायत. ठकूबाई म्हणत होती की त्या दिवशी आपण सगळ्यांनीच दांडी मारू. मी म्हटलं, मग ती एकटीच उभी राहील आणि ते आणखी वाईट. इकडे साळुबाई खुशीत. काल संध्याकाळी ती माझ्या घरी आली. म्हणाली, “पावणं येत्याल, जरा सराव करावा म्हणते. एक फळी आणली व्हती नव्हं तू कंपनीतून?” जुनी, भंगारात काढलेली फळी आमच्या पडवीत पडून आहे हे तिला ठाऊक होतं. नको म्हणायला मला कारण सुचेना. ओट्यावर फळी टेकवून दिली, शिकवणीसाठी ठेवलेल्या तारा दिल्या, आणि ती बांधायला बसली.

ती बांधत होती आणि मी समोर बसून लसूण सोलत होते. गोकुळ, तिचं काम अजून इतकं देखणं आहे की बघत राहावं. पण ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेलं, मग भिंतीवर चढलं, माझा लसूण सोलून झाला, चहा होऊन गार झाला, आणि तिची फळी अर्धीच झाली होती. तिथे ट्रॉली नव्हती, शेजारी कुणी नव्हतं. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, मग आपल्या बोटांकडे बघितलं. हातातली तार खाली ठेवली आणि विचारलं, “किती जणींनी दिलं गं?” मी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडातून निघालं, सगळ्यांनी. ती आधी हसली. “लई माया केली बायांनी,” म्हणाली. मग तिनं पदर तोंडाला लावला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिनं काढला नाही.

आणि आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. वर तुला जे जे बोलले ते खरं आहे, पण त्यासाठी मी दिवाळीच्या फराळावर तुझ्याशी भांडू शकले असते. उठताना साळुबाई मला काय म्हणाली ते तुला सांगायला मी बसले आहे. ती म्हणाली, “शनवारी पावणं याच्या आधी मी गोकुळला सांगते का हात परत धरलं, आता मला व्हत न्हाई, मी काम सोडते. आकडा खरा व्हता, हात नासलं, असंच ऱ्हाऊ दे. पोराची भोसरीची बदली व्हायचीय, तुझी आई सांगत व्हती. त्याच्या नावाला बट्टा नगं. आन बायांची बी नावं निघायची न्हाईत.” मला ती शपथ घालणार होती, म्हणून मी घाईनं उठून आत गेले, म्हणजे आता मी शपथेत नाही. ज्या बाईला तू टीव्हीवर लाल केलंस ती तुझी अब्रू वाचवायला घरी बसायला निघाली आहे, आणि तिच्या सुनेच्या घरात बसणं म्हणजे काय ते मी वर लिहिलंय. ती गेली की तुझा आकडा कायमचा खरा ठरेल आणि बाकीच्या अकरा जणी एक तारखेपासून त्याच्यामागे ऊर फुटेस्तोवर धावतील. भोसरी तुला आज ना उद्या मिळेल, तू हुशार आहेस. म्हणून हात जोडून सांगते, आणि जन्मात तुझ्यापुढे पहिल्यांदा हात जोडते आहे, हे वाचून होताच मोठ्या साहेबांकडे जा आणि सांग की मोजमाप माझं चुकलं. बाईचं नाही, बायकांचं नाही, माझं. शनिवारी साळुबाई नेहमीच्या गाडीनं येईल आणि सरळ तुझ्या केबिनच्या दारात येऊन उभी राहील. तिला खुर्ची दे, आणि ती तोंड उघडायच्या आत तू बोल.

तुझीच,
ताई